विद्युत् रोध व शक्ती : गणन

विद्युत् मंडलातील एखाद्या घटकाच्या दोन अग्रांमधील विद्युत् दाब आणि त्या घटकातून वाहणारा प्रवाह ही दोन मूल्ये ज्ञात असल्यास त्याचा रोध (प्रवाहास होणारा विरोध) व त्यात खर्च होणारी शक्ती (दर सेकंदास वापरली जाणारी ऊर्जा) गणनाने काढता येतात. दाब व्होल्टमध्ये व प्रवाह अँपिअरमध्ये मोजला असता दाबास प्रवाहाने भागून रोध ओहममध्ये मिळतो, तर दोहोंच्या गुणाकाराने शक्ती वॉटमध्ये मिळते. हे उत्तर वाचन घेतेवेळी घटक ज्या स्थितीत असेल तिच्यापुरतेच खरे असते.

जर्मन भौतिकीविज्ञ गेओर्ख झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी दाब, प्रवाह व रोध यांचा संबंध १८२७ मध्ये प्रसिद्ध केला. संवाहकात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते, हे इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४१ मध्ये दाखविले. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र घेतल्यास शक्तीची आणखी दोन सूत्रे मिळतात : शक्ती = (प्रवाह)² × रोध आणि शक्ती = (दाब)² ÷ रोध.

मापन : अँपिअरमापक घटकाशी एकसरीत व व्होल्टमापक अनेकसरीत जोडतात. घटकाचा रोध अल्प असल्यास व्होल्टमापक थेट त्याच्याच अग्रांना जोडावा, म्हणजे अँपिअरमापकातील दाबपात वाचनात मिसळत नाही. रोध मोठा असल्यास व्होल्टमापक अँपिअरमापकाच्या अलीकडे, दोहोंना मिळून जोडावा. अन्यथा व्होल्टमापकातून जाणारा प्रवाहही घटकाचाच म्हणून मोजला जातो. दोन्ही वाचने एकाच वेळी घेणे आवश्यक असते.

तापमानाचा परिणाम : २३० व्होल्ट, १०० वॉट असा निर्देश असलेला टंगस्टन तंतूचा दिवा पूर्ण दाबावर सुमारे ०·४३५ अँपिअर प्रवाह घेतो व त्याचा रोध ५२९ ओहम येतो. हाच दिवा थंड असताना मोजल्यास रोध केवळ सुमारे चाळीस ओहम भरतो. दोन्ही मापने बरोबरच असतात. तापमानाबरोबर धातूचा रोध वाढत असल्यामुळे हा फरक पडतो. दिवा लावण्याच्या क्षणी प्रवाह नेहमीच्या अनेक पट असतो, याचे कारणही हेच होय.

मोठ्या दिव्यांच्या बाबतीत या गोष्टीला व्यावहारिक महत्त्व येते. कोल्हापुरातील मंगळवार पेठेत भालजी पेंढारकर यांच्या चित्रपटांमुळे प्रसिद्धीस आलेला जयप्रभा स्टुडिओ आहे. अशा चित्रीकरणगृहांत टंगस्टन तंतूचे अनेक किलोवॉटांचे दिवे वापरले जात. उदाहरणार्थ, २३० व्होल्टवर चालणारा ५ किलोवॉटचा दिवा घेतल्यास त्याचा प्रवाह २१·७ अँपिअर व तप्त रोध १०·६ ओहम येतो. दाब दहा टक्क्यांनी घटून २०७ व्होल्ट झाला आणि रोध तोच राहिला असे मानले, तर शक्ती ४,०५० वॉट येते. प्रत्यक्षात तंतू काहीसा थंड होऊन रोध उतरतो व शक्ती यापेक्षा थोडी अधिक भरते. प्रकाश मात्र सुमारे तीस टक्क्यांनी कमी होऊन तांबूस होतो. छायाचित्रणाच्या दृष्टीने ही घट मोठीच असते.

तारांमधील व्यय : वरील दिवा ५० मी. अंतरावर ४ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारांनी जोडल्यास जाण्या-येण्याची एकूण १०० मी. तार लागते व तिचा रोध सुमारे ०·४३ ओहम असतो. २१·७ अँपिअर प्रवाहास तीत सुमारे ९·३ व्होल्ट दाबपात होतो आणि सु. २०० वॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तेवढीच शक्ती दुप्पट दाबावर वाहून नेल्यास प्रवाह निम्मा व व्यय एक चतुर्थांश होतो. दूरच्या पारेषणासाठी उच्च दाब वापरतात तो यामुळेच. खोपोली जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईस वीजपुरवठा सुरू झाला, तोही सु. १ लाख व्होल्ट दाबाने.

विद्युत् चलित्रे : चलित्र म्हणजे केवळ रोध नव्हे. प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहावरील चलित्राच्या बाबतीत दाब व प्रवाह यांच्या गुणाकारास शक्तिगुणकानेही गुणावे लागते. २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेणाऱ्या एककला चलित्राचा गुणाकार १,१५० येतो. शक्तिगुणक ०·८ असल्यास खरी शक्ती ९२० वॉटच असते. तसेच दाबास प्रवाहाने भागून येणारी संख्या वेटोळ्याचा रोध दर्शवीत नाही, कारण फिरत्या चलित्रात विरोधी दाब निर्माण होत असतो.

हा भेद न ओळखल्यास नुकसान होते. कोल्हापूर परिसरात नदीकाठच्या पंपांनी उसाला पाणी देतात. पंपाच्या त्रिकला चलित्रास मिळणारा दाब ४१५ वरून ३२० व्होल्टपर्यंत उतरला, तर दिव्याप्रमाणे त्याचा प्रवाह घटत नाही. पाणी उपसण्याचे काम जवळजवळ तेवढेच राहत असल्याने प्रवाह स्थूलमानाने १·३ पट होतो व वेटोळ्यातील उष्णता सु. १·७ पट वाढते. चलित्र तसेच चालू ठेवल्यास निरोधक आवरण जळते. म्हणून अतिभार निवारक (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास मंडल तोडणारे साधन) चलित्राच्या निर्देशित प्रवाहानुसार लावून ठेवावा. तो वारंवार सुटतो म्हणून त्याची मर्यादा वाढवू नये. दाबाचे वाचनही पंप चालू असतानाच, चलित्राच्या अग्रांपाशी घ्यावे. पंप बंद असताना तारांत दाबपात होत नसल्यामुळे तेच वाचन समाधानकारक भासते.