टीव्हीच्या मापाचा खण नको

नव्वदच्या दशकात अनेक मराठी घरांत भिंतभर शोकेस झाली. मधोमध २१ इंची टीव्हीचा खोल खण, भोवती कपबश्या, बाहुल्या आणि ट्रॉफ्या. पुढे चपटे, रुंद टीव्ही आले आणि तो खण निकामी झाला. उत्तम सागवानी शोकेस त्या एका खणापायी मोडीत निघालेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून टीव्ही युनिट स्वतः करायला घेतलं तेव्हा पहिली गोष्ट ठरवली, टीव्हीला चौकट करायची नाही. खाली लांब, बुटकं कपाट, वर मोकळी भिंत.

टीव्हीचं माप कर्णाचं असतं. ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण ४८ इंच भरते. कपाट ६ फूट लांब, २० इंच उंच धरलं, की सोफ्यावर बसल्यावर टीव्हीचा मध्य डोळ्यांच्या थोडा खाली येतो. मान दुखत नाही.

प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची. ४८ इंचांतून १६ इंचांच्या तीन पट्ट्या निघतील असं कागदावर वाटतं, पण करवतीचं पातं प्रत्येक कापाला सुमारे ३ मिलिमीटर खातं. म्हणून खोली पावणेसोळा इंच ठेवली. पहिल्या पट्टीतून वरची फळी आणि एक बाजू, दुसरीतून तळ आणि दुसरी बाजू, तिसरीतून मधले दोन पडदे आणि आतल्या दोन फळ्या. १९ मिलिमीटरच्या एका शीटमध्ये सगळा सांगाडा बसला. त्या दोन पडद्यांमुळे वरची फळी दर २३ इंचांवर टेकते. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर तेवढ्याच वजनाने मधोमध येणारा झोल आठपट होतो. सलग ६ फुटांची फळी कालांतराने वाकणारच.

प्लायच्या कडेत स्क्रू थेट मारला तर थर फुटतात. आधी बारीक भोक, मग फेव्हिकॉल, मग स्क्रू. जोडणी झाली की दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. लगेच ६ मिलिमीटरची पाठ ठोकायची. तोवर सांगाडा हाताने ढकलला तरी झुलत होता, पाठ बसताच ताठ झाला. सनमायका मात्र दोन्ही बाजूंनी लावावा, आतून पातळ चालेल. एकाच बाजूला लावलेला दरवाजा पावसाळ्यात वाकू शकतो.

सर्वांत जास्त वेळ मी पाठीतल्या भोकांना दिला, आणि तो द्यायलाच हवा. वायर बारीक असली तरी भोकातून प्लग जावा लागतो, म्हणून ६० मिलिमीटरचं होल सॉ वापरलं. सेट-टॉप बॉक्स आणि अॅम्प्लिफायर तापतात, म्हणून त्यांच्या डोक्यावर चार बोटं जागा आणि मागे हवेला वाट ठेवली. रिमोटचा इन्फ्रारेड किरण लाकडी दरवाजातून जात नाही, म्हणून मधला खण उघडाच ठेवला.

तुम्ही करणार असाल तर सनमायकाचा कॅटलॉग सगळ्यात शेवटी उघडा. आधी टेप घेऊन घरातला प्रत्येक प्लग मोजा.