टेबलावर झोपण्याआधी – भाग ४ : किल्ली कोणाच्या खिशात?

गेल्या भागात दुर्बीण पोटात कशी उतरते ते पाहिलं. पण तपासणीची तारीख मिळाल्यावर माणसाची झोप उडते ती दुर्बिणीमुळे कमी आणि भुलीमुळे जास्त. ‘डॉक्टर, मला पूर्ण झोपवा, काही कळायलाच नको,’ असं म्हणणारा एक. ‘काहीही करा, पण भूल नको. परत जागच नाही आली तर?’ असं म्हणणारा दुसरा. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयापासून चाकणच्या छोट्या खासगी रुग्णालयापर्यंत कुठल्याही बाकावर हे दोघं शेजारी शेजारी बसलेले आढळतील. मागणी उलट असली तरी दोघांना छळणारी गोष्ट एकच आहे. काही वेळ आपल्या शरीरावर आपला ताबा राहणार नाही.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कामगाराला ही गोष्ट जास्त टोचते, आणि त्याला कारण आहे. त्याचं सगळं काम ताबा न सोडण्याचं. प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही. लाइट कर्टनमध्ये हात गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. मेंटेनन्सवाला मशीनच्या पोटात शिरण्याआधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. अशा माणसाला वीस मिनिटं डोळे मिटायला सांगितले, तर किल्ली कोणाच्या खिशात आहे हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. बहुतेक जण मात्र हा प्रश्न गिळून टाकतात आणि संमतीच्या कागदावर मुकाट्याने सही करतात.

भूल म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. पंख्याच्या रेग्युलेटरसारख्या तिच्या पायऱ्या आहेत. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 1999 साली या पायऱ्या नेमक्या शब्दांत मांडल्या. पहिली हलकी गुंगी : मन सैल पडतं, पण माणूस जागा असतो. दुसरी मध्यम गुंगी : डोळे मिटलेले, पण हाक मारली किंवा खांद्याला हात लावला की ओ मिळते, श्वास स्वतःचा चालू असतो. तिसरी खोल गुंगी : पुन्हा पुन्हा हलवल्यावर किंवा दुखल्यावरच प्रतिसाद येतो, आणि श्वासाला मदत लागू शकते. चौथी पूर्ण भूल. या पायऱ्यांमध्ये भिंती नाहीत. एकाच डोसाने एक जण दुसऱ्या पायरीवर राहतो आणि दुसरा तिसरीवर घसरतो. म्हणून ‘कोणतं औषध?’ याहून ‘मी कुठल्या पायरीवर असणार, आणि त्या वेळी माझ्या श्वासाकडे कोण बघणार?’ हा प्रश्न मोलाचा. दुर्बीण चालवणारे डॉक्टर दुर्बिणीकडे बघतात. श्वासाकडे बघणारा माणूस वेगळा हवा.

काही जणांना गुंगीची गरजच नसते. जठराच्या साध्या तपासणीत घशात बधिर करणारा फवारा मारून पाच-दहा मिनिटांत काम होऊ शकतं. उमासे येतात, ते सुखाचं नसतं, पण माणूस लवकर मोकळा होतो. नॉर्वेत मोठ्या आतड्याची दुर्बीणसुद्धा कितीतरी लोक गुंगीशिवाय करून घेतात. त्रास झाला तर तेव्हा औषध मिळतं. हा मधला मार्ग आपल्याकडेही विचारून पाहावा.

‘मायकेल जॅक्सन गेला, तेच औषध ना?’ हाही प्रश्न येतो, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. औषध तेच, प्रोपोफॉल. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांत ते मिसळलेलं असतं, म्हणून दुधासारखं पांढरं दिसतं. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत ते विकसित करणारे जॉन ग्लेन हे शिक्षणाने जनावरांचे डॉक्टर; 2018 साली त्यांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. जॅक्सनला 25 जून 2009 रोजी ते रुग्णालयात नव्हे, घरच्या बेडरूममध्ये दिलं गेलं होतं, झोप यावी म्हणून. धोक्याची घंटा देणारी यंत्रं नव्हती, सतत लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं. त्याच्या डॉक्टरला 2011 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. प्रोपोफॉल श्वास मंदावतं आणि त्याला उतारा नाही. मात्र सुई थांबली की काही मिनिटांत असर ओसरू लागतो. मिडॅझोलॅम या दुसऱ्या नेहमीच्या औषधाला फ्लुमाझेनिल हा उतारा आहे. तेव्हा बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, हाताशी ऑक्सिजन आणि श्वास देता येणारा प्रशिक्षित माणूस, हे तिन्ही खोलीत आहेत का, एवढं रुग्णाने विचारावं. हा उद्धटपणा नव्हे.

असं विचारण्याला पुण्यातच जुना दाखला आहे. जानेवारी 1924 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना अपेंडिक्सच्या दुखण्यासाठी ससून रुग्णालयात हलवलं. आपल्या ओळखीचे डॉक्टर वेळेत पोचणार नाहीत हे कळल्यावर त्यांनी शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक यांच्याशी बोलून संमती दिली. नेते श्रीनिवास शास्त्री यांनी संमतीचं निवेदन लिहून काढलं, गांधीजींनी त्यावर सही केली. हात थरथरत होता आणि ते त्यांनी लपवलं नाही. 12 जानेवारीच्या रात्री शस्त्रक्रिया सुरू असताना वादळाने वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ‘मध्येच लाइट गेली तर?’ ही भीती तेव्हा खरी ठरली, तरी माणूस वाचला, कारण भोवतीचे लोक जागे होते. आज मॉनिटरला बॅटरी असते. तीही विचारायला हरकत नाही.

भूलतज्ज्ञाला मात्र खरं सांगायला हवं. रक्तदाब आणि साखर लोक सांगतात. घोरणं सांगत नाहीत. जोरात घोरणाऱ्याचा घसा गुंगीत मिटण्याची शक्यता जास्त असते. रोज दारू पिणाऱ्याला औषधाचा नेहमीचा डोस पुरत नाही, पण घरचे शेजारी उभे असताना तो ‘कधीमधी’ म्हणतो. अशा वेळी दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय, असं सांगावं. हलणारा दात, झोपेची गोळी, दमा, तंबाखू, मागच्या भुलीत झालेला त्रास, सगळं सांगावं. आणि भीती वाटते, हेही सांगावं. घाबरलेल्या माणसाची औषधाची गरज बदलते, म्हणून ती माहिती तज्ज्ञाच्या कामाची आहे. ती कळली की नर्स हात धरते, काय होणार ते आधी बोलून दाखवते, कुठे कानात आवडीची गाणी लावू देतात. संगीताने अशा वेळची घालमेल कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

गुंगीत मनातलं बरळलो तर? काही जण पुटपुटतात, पण ही औषधं पोटातलं खरं बाहेर काढणारी नाहीत. मिडॅझोलॅममुळे नंतर स्वतःलाच काही आठवत नाही, तो औषधाचा गुण आहे. डोकं बिघडल्याची खूण नव्हे.

उपाशी राहण्यात नाईट शिफ्टवाला हमखास फसतो. साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत; त्याला हलक्या खाण्यासारखे सहा तास लागतात. पहाटे पाचला कँटीनचा चहा घेऊन नऊ वाजता टेबलावर गेलेला माणूस उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका घेऊन जातो. चुकून घेतलाच, तर सांगावं आणि तारीख बदलावी.

सगळ्यात अवघड अट म्हणजे गुंगीनंतर घरी न्यायला सोबत माणूस हवा. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीत चार-पाच जण एका खोलीत राहतात. गाव बीडला किंवा बिहारला, आणि रूम पार्टनर वेगळ्या शिफ्टला. गुंगीनंतर चोवीस तास दुचाकी नाही, मशीन नाही, महत्त्वाच्या कागदावर सही नाही. रोज भरला तरच पैसे मिळणाऱ्या कंत्राटी कामगाराची खरी घालमेल इथे असते. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तातडी नसेल, तर बुधवारची नाईट बदलून गुरुवारी सकाळची वेळ मागावी. त्या दिवशी रुग्णालय चालू असतं आणि खोलीतला कोणीतरी मोकळा असतो. सुपरवायझरशी आधीच बोलून शुक्रवारी पहिलीऐवजी दुसरी शिफ्ट घेतली, की प्रेससमोर उभं राहीपर्यंत चोवीस तास उलटून गेलेले असतात.