संगणकाचं दुकान आणि कांटचा वाणी

मागच्या वेळी आपण वचन देणं म्हणजे काय, यावर बोललो. आज त्याचीच एक घरगुती बाजू घेऊ या. संगणक घ्यायला आपण दुकानात जातो, तेव्हा समोरचा विक्रेता आपलं नेमकं काय देणं लागतो?

कांटचं नाव ऐकून कोणी घाबरू नये. १७८५ साली आलेल्या नीतिशास्त्रावरच्या त्याच्या छोट्या पुस्तकात एक दुकानदार भेटतो. वर्गात आम्ही त्याला वाणीच म्हणायचो. हा वाणी नवख्या गिऱ्हाइकाला जास्त भाव लावत नाही. सगळ्यांना एकच दर, लहान मूल आलं तरी तोच. कांट विचारतो, हे कर्तव्य म्हणून, की धंदा नीट चालावा म्हणून? वागणं योग्यच आहे, पण तेवढ्यावरून वाण्याच्या मनात कर्तव्यबुद्धी आहे असं ठरत नाही, असं त्याचं म्हणणं.

वर्षानुवर्षं आम्ही हे शिकवलं, आणि दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारायचाच, "सर, माल आणि भाव बरोबर असेल तर मनात काय आहे त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर संगणकाच्या दुकानात फार स्वच्छ दिसतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, वय बहात्तर. त्यांची गरज एवढीच: नातीशी व्हिडिओवर बोलायचं, पेन्शनसाठी हयातीचा दाखला घरबसल्या भरायचा, थोडं वाचायचं. एका मोठ्या दालनातून त्या लॅपटॉप घेऊन आल्या. खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी बनवलेला, वेगळी ग्राफिक्स चिप असलेला, मांडीवर घ्यावा तर पाय अवघडतील इतका जड. वर वाढीव वॉरंटी, अँटिव्हायरस. दोन महिन्यांची पेन्शन गेली. आणि बाई सांगतात काय, तर "वागणूक फार छान होती हो!" बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, दर वाक्याला मॅडम. फक्त "तुम्ही यावर करणार काय?" एवढं कोणी विचारलं नाही.

आठवड्याने त्या परत गेल्या, तर उत्तर मिळालं, "मशीन चालतंय ना, मॅडम?" चालत होतंच! २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. १९१५ या क्रमांकावर तक्रार सांगता येते. पण इथे माल सदोष नव्हता. वस्तू उत्तम, माणूसही उत्तम, जोडी तेवढी चुकीची.

आता दुसरी बाजू. आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका छोट्या दुकानात गेला. संगणक पाच-सहा वर्षांचा, सुरू व्हायलाच चहा होऊन जायचा. नवा घ्यायच्या तयारीने, खिशात पैसे घेऊनच गेला होता. दुकानदाराने डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, "जुनी फिरती हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका, अजून काही वर्षं ओढेल." खुर्ची नाही, पाणी नाही, बोलणंही जरा तुसडंच. पण याला आम्ही सेवा म्हणू. पहिलं होतं ते सौजन्य.

इथे कोणी म्हणेल, तो दुकानदारही हुशारच. गिऱ्हाईक पुन्हा येईल हे त्याला कळत होतं. असेलही. पुन्हा येणाऱ्याशी प्रामाणिक राहणं फायद्याचंच असतं. पण आमच्या शेजारच्या बाई आयुष्यात एकच संगणक घेणार. त्यांच्याशी खरं बोलून पुढचा धंदा काहीच मिळणार नाही. फायद्याचं गणित जिथे संपतं, तिथे गिऱ्हाइकाला वाचवायला वाण्याच्या मनात जे काही असेल तेवढंच उरतं. कांटचा प्रश्न पुस्तकी नाही तो एवढ्यासाठी.

त्या दालनातल्या मुलांवर मात्र राग धरू नये. कंपनीचं नाव छापलेला शर्ट घालून उभा असलेला मुलगा बहुधा दुकानाचा नसतो, त्या कंपनीचाच असतो. त्याला महिन्याचा आकडा गाठायचा असतो. तुम्ही दुकानाचे की कंपनीचे, हे सरळ विचारावं, त्यात अपमान नाही. आणि आपली कामं घरूनच कागदावर लिहून न्यावीत. यंत्राचे आकडे नकोत, कामं.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: ५१२ जीबीची डिस्क घेतली, संगणक ४७६ दाखवतो, फसवलं का? नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, जागा तेवढीच. पण त्यांना दुकानात उत्तर मिळालं म्हणे, "तेवढं जातंच." हे खोटं नाही, काका, त्याला स्वतःलाच कोणी समजावलेलं नसणार.