सोंग तेच, चाल वेगळी

सूर्यमाळपासून जव्हारपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात होळीनंतर बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या सोंगांचा उत्सव, रंगतो, तेव्हा नटाचा चेहरा कुणाला दिसतच नाही. कागदाच्या लगद्याचा मुखवटा एकदा चढला की भुवया उडवायची, ओठ मुडपायची सोयच उरत नाही. देव कोण, राक्षस कोण हे रंगावरून कळतं. पण सोंगात जीव येतो तो संबळाच्या ठेक्यावर पडणाऱ्या पावलांनी, खांद्यांनी. दर चित्रपटात नवा चेहरा घेऊन येतो तोच अष्टपैलू नट, ही समजूत इथे टिकत नाही. पडद्यावरही ती फारशी टिकत नाही, आणि त्याचा धडधडीत पुरावा म्हणजे येवल्याच्या ललिता पवार.

मूकपटांच्या काळापासून त्या पडद्यावर होत्या आणि बोलपटात नायिका झाल्या. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहनट भगवानदादांची थप्पड जरा जास्तच जोरात बसली. चेहऱ्याला लकवा झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची वाट तिथे संपली. पुढची सगळी कारकीर्द त्या एकाच, न बदलणाऱ्या चेहऱ्यावर उभी आहे. ‘रामशास्त्री’तली आनंदीबाई १९४४ ची. मग १९५५ हे एकच वर्ष घ्या. ‘श्री ४२०’मध्ये त्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई आहेत, नायक राजू उलटीच घासाघीस करतो आणि ही बाई आधी वैतागते, मग पाघळते. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्याच बाई पुरुषांवर खार खाणाऱ्या श्रीमंत आत्याबाई! डोळा तोच, पण एकीचं अंग सैल, दुसरीची मान ताठ.

यावर कुणी म्हणेल, शेवटी लोकांना आठवते ती खाष्ट सासूच. तो डोळा म्हणजे कपटाचा आयता मुखवटा. निर्मात्यांनी तो तसा वापरला हे खरंच, आणि १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेतली मंथरा त्याच हिशोबातली. पण डोळाच सारं करत असता, तर ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाचं काय करायचं? भाड्यासाठी तोंडाचा पट्टा सोडणारी ही घरमालकीण राज कपूरवर पोटच्या पोरासारखी माया करते आणि तो बारीक डोळा तिथे माया लपवायच्या कामी येतो. फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला तो याच भूमिकेला. ‘प्रोफेसर’मधल्या (१९६२) कडक सीतादेवी तर म्हाताऱ्याच्या वेशातल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडतात. प्रेक्षक आधी हसतो, आणि थोड्या वेळाने त्यालाच आपल्या हसण्याची लाज वाटते.