साक्ष फिरवायला लावणे हाही गुन्हाच

घरातल्या मारहाणीच्या खटल्यात साक्षीदार बहुधा नात्यातले नाहीतर शेजारचे; दबावही तिथूनच येतो. कायदा काय सांगतो?

■ खोट्या साक्षीसाठी धमकी : भारतीय न्याय संहिता, कलम २३२. ७ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. अब्रू किंवा मालमत्तेला धक्का लावण्याची धमकीही यात येते. गुन्हा दखलपात्र.

■ न्यायालयात खोटी साक्ष : कलम २२९. ७ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड.

■ संरक्षण आदेशाचा भंग : कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम ३१. १ वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पीडितेशी संपर्क साधण्यास, तिला मदत करणाऱ्यांवर हात उगारण्यास हा आदेश मनाई करू शकतो.

■ साक्षीदारांना संरक्षण : २०१८ची योजना सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केली.