घरातला गप्प माणूस
कुंभकोणमजवळचे तिरुनागेश्वरम् हे राहूचे क्षेत्र. रविवारी साडेचार ते सहा या राहुकाळात तेथे दुग्धाभिषेकाला गर्दी होते. देवापुढे गाऱ्हाणे मांडणारा पुरुष घरी मात्र गप्प! ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पाऊसकाळ. आभाळ भरलेले, शेतात पाणी, हातमागाचे सूत दमट. हात रिकामे राहिले की मन खचते. राहू डोळ्यांना दिसत नाही. पुरुषाची उदासीही तशीच. ती चिडचिड, दारू, उडालेली झोप अशा रूपांत येते. 2022 साली देशात आत्महत्या केलेल्यांत सुमारे 72 टक्के पुरुष होते. म्हणून पत्नीने, भावाने उपदेश न करता विचारावे, ऐकावे. दोन आठवडे हेच चालले तर डॉक्टरांकडे न्यावे. मरणाची भाषा निघाल्यास लगेच. सरकारचा 14416 हा मोफत दूरध्वनी चोवीस तास चालू असतो.