वैद्यांच्या घरातील अभियंते आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा ‘मायनर’

आपल्या व्यवसायबंधूंच्या घरांतील पुढील पिढीचा ओढा अभियांत्रिकीकडे वाढत आहे. याविषयी खंत व्यक्त करणारे पुष्कळ भेटतात; आम्ही त्यांच्यापैकी नाही. मात्र नवेगाव बांधसारख्या गावातून नागपूर, पुणे वा रायपूरला अणुविद्युत, संगणक किंवा यंत्र शाखेत गेलेल्या मुलामुलींपुढे पदवीच्या मध्यावर एक निवड येते, आणि तिच्याकडे पालक वैद्यांचे लक्ष सहसा जात नाही, असे आमचे निरीक्षण आहे.

मुख्य शाखेखेरीज दुसऱ्या विषयाचे सुमारे १८ ते २० श्रेयांक अधिक मिळविल्यास तो विषय ‘मायनर’ म्हणून पदवीसोबत नोंदविण्याची मुभा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने दिलेली आहे. एक श्रेयांक म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक. तेव्हा हा सारा व्याप पाच-सहा अभ्यासपत्रिकांचा. एवढ्याने कोणी जैववैद्यकीय अभियंता होत नाही. ज्यास तोच व्यवसाय करावयाचा आहे, त्याने पूर्ण पदवी घ्यावी. ती रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच, उपलब्ध आहे.

मग मायनरचा उपयोग काय? नाडीपरीक्षेचे उदाहरण घेऊ. मुंबईची आय. आय. टी. आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथील अनिरुद्ध जोशी व सहकाऱ्यांनी २००७ साली फ्रान्समधील लियों येथील परिषदेत ‘नाडी तरंगिणी’ या यंत्रणेवरील निबंध मांडला. तर्जनी, मध्यमा व अनामिका जेथे ठेवावयाची, त्या तीन स्थानी दाबसंवेदक बसवून स्पंदनांचे आलेख घेण्याची ही पद्धती. तेव्हापासून नाडीयंत्रे वैद्यांच्या दालनात शिरली, आणि अनेकांचे मत ‘अद्भुत’ किंवा ‘थोतांड’ या दोन टोकांपैकी एकावर जाऊन बसले. आम्हांस दोन्ही मते घाईची वाटतात.

संवेदक मनगटावर किती जोराने दाबला आहे, यावर तरंगाचा आकार बदलतो. हात हलल्यास, स्नायू ताठरल्यास, रुग्ण नुकताच जिना चढून आला असल्यास आलेखात भलतेच काही मिसळते. ते गाळण्यासाठी जे गणित योजावे, ते थोडे कठोर झाले की ज्या सूक्ष्म गतीसाठी वैद्य बोट ठेवतो, तीच पुसली जाते! शार्ङ्गधरसंहितेने वाताच्या नाडीस सर्पाची, पित्ताच्या नाडीस मंडूकाची आणि कफाच्या नाडीस हंसाची गती सांगितली. आता आलेखातील कोणत्या वळणास सर्पगती म्हणावे? हे अभियंता एकटा ठरवू शकत नाही, आणि वैद्यही एकटा ठरवू शकत नाही. दोन वैद्यांनी एकमेकांस न विचारता तीच नाडी पाहिली, तर त्यांचे किती जुळते, हे आधी पाहावे लागते. शरीरक्रिया, संवेदक आणि संकेतप्रक्रिया या तीन पत्रिका मनापासून शिकलेली मुलगी विक्रेत्यास नेमके हेच प्रश्न विचारील. आज हे प्रश्न विचारणारे आपल्याकडे फार थोडे आहेत, आणि यंत्राच्या किमतीपेक्षा ही उणीव आम्हांस महाग वाटते.

औषधी दुकानदारांस हा विषय दूरचा वाटू नये. रक्तशर्करा मोजण्याच्या बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंश सेल्सिअसपर्यंतच ठेवण्याची सूचना असते. विदर्भातील मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वीजही जाते. अशा वेळी पत्र्याच्या छपराखालच्या फळीवरील पट्टीवर किती विसंबावे? २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने कृष्णवर्णीय रुग्णांत बोटावरील प्राणवायुमापक गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट वेळा प्राणवायूची कमतरता टिपू शकत नसल्याचे दाखविले. महासाथीत तीच यंत्रे आपण हातोहात विकली.

मायनर निवडताना नावावर जाऊ नये, पत्रिकांची यादी मागवावी. शरीरक्रियेची पत्रिका आहे काय, रुग्णालयात जाऊन यंत्रे हाताळावयास मिळतात काय, प्रकल्पास चिकित्सक मार्गदर्शक लाभतो काय, हे पाहावे. या तिन्हींची उत्तरे नकारार्थी असल्यास त्या श्रेयांकांसाठी वेळ व शुल्क खर्चू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चांगल्या कामाचा नमुना आपल्या राज्यातच आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये यंत्र अभियांत्रिकीचे प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ साली ‘बेटिक’ हे केंद्र राज्य शासनाच्या साहाय्याने उभे राहिले आणि नागपूरच्या व्ही. एन. आय. टी. त त्याची शाखा निघाली. तेथे आधी चिकित्सकाची अडचण ऐकावयाची आणि मग यंत्र घडवावयाचे, असा क्रम ठेवला गेला. त्यातूनच स्मार्ट स्टेथोस्कोपसारखी साधने निघाली.

अडचणी तर नवेगाव बांधच्या परिसरातही आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांचा उतार आणि पाण्याची वाट ओळखून येथील तलाव बांधला. त्यांच्याजवळ कोणती पदवी होती, असे कोणी विचारीत नाही. (आजच्या अभियंत्यास मात्र परवान्याविना वैद्यकीय उपकरण बाजारात आणता येत नाही, हे ध्यानी असावे.) पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. विद्राव्यता चाचणीत रक्त गढूळ दिसले, तर दोष आहे एवढे कळते. तो वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस वा तत्सम तपासणीकरिता नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो, आणि अहवाल येईपर्यंत कुटुंब कामानिमित्त गाव सोडून गेलेले असते. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात उमुत गुरकान यांच्या गटाने हीच तपासणी कागदाच्या पट्टीवर, लहानशा यंत्रात करून दाखविली आहे. असे यंत्र उन्हाळ्यात, अपुऱ्या विजेवर आणि आशा कार्यकर्तीच्या हाती कसे चालेल, हे तपासणे मायनरच्या अंतिम प्रकल्पास पुरेसे आहे. ज्यांची मुले यंदा तिसऱ्या वर्षात आहेत, त्यांनी सुटीत त्यांना आठ दिवस आपल्या दवाखान्यात बसवावे. रुग्ण किती दुरून येतो, कोणती तपासणी अर्धवट सोडतो आणि का, याची वही त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी.